अणुऊर्जा की सूर्य-वारा? दाटीच्या जगासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जनं सिलिकॉनचा सौर सेल जगाला दाखवला आणि त्यावर खेळण्यातला आकाशपाळणा फिरवला. दोनच महिन्यांनी सोव्हिएत संघातल्या ओबनिन्स्कच्या अणुभट्टीनं ग्रिडला वीज द्यायला सुरुवात केली, जेमतेम ५ मेगावॉट. म्हणजे वयानं दोन्ही तंत्रं बरोबरीची. तेव्हा जगात पावणेतीन अब्जांच्या आसपास माणसं होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपण ८ अब्ज झालो. एवढ्या माणसांना वीज द्यायची, धूर न करता द्यायची आणि जमीन तर वाढत नाही, असा हा पेच. त्यावरच्या वादांत तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मतं लपवलेली नाहीत.

एका वाक्यात सांगा: अणुऊर्जा की सौर-पवन?

ऊन, वारा आणि मोकळी जमीन असेल तिथे आधी सौर-पवन. चालू असलेली धडधाकट अणुभट्टी घाईनं बंद करायची नाही. आणि नवी अणुभट्टी त्यांनीच बांधावी ज्यांची एकामागून एक अनेक बांधायची तयारी आहे.

वाक्य लांबलं, पण त्याहून आखूड उत्तर देणारा काहीतरी विकत असतो. शिवाय या दोघांच्या भांडणात तिसरा नामानिराळा राहतो, तो म्हणजे कोळसा. जगातल्या विजेत त्याचा वाटा अजूनही एक तृतीयांशाच्या आसपास आहे. अणुऊर्जा १९९०च्या दशकाच्या मध्यावर १७ टक्क्यांच्या वर होती, आज ती ९ टक्क्यांच्या घरात आहे. सौर आणि पवन मिळून २०२४ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत पोचले. खाणीपासून भंगारापर्यंतचा सगळा हिशेब धरून आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीनं २०१४ मध्ये दिलेले मध्यम आकडे असे: एका युनिटमागे अणुऊर्जा आणि पवन सुमारे १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, सौर चाळीस-पन्नासच्या दरम्यान (पॅनेल बनवण्याची पद्धत सुधारल्यानं तेव्हापासून आणखी कमी), नैसर्गिक वायू ४९०, कोळसा ८२०. १२ की ४०, यावर हातघाईवर येणाऱ्यांनी ८२० कडे एकदा बघावं.

१,००० मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि १,००० मेगावॉटची अणुभट्टी, दोन्ही सारखीच ना?

नाही, आणि निम्मे वाद याच घोटाळ्यातून उभे राहतात. मेगावॉट ही क्षमता झाली. बिल येतं ते युनिटचं.

चांगली चाललेली अणुभट्टी वर्षाच्या ९० टक्के वेळ पूर्ण ताकदीनं वीज देऊ शकते. १,००० मेगावॉटला वर्षाचे ८,७६० तास धरले तर साधारण ७८८ कोटी युनिट होतात. सौर प्रकल्प रात्री बंद, सकाळ-संध्याकाळ मंद, ढगात निम्मा. बऱ्या उन्हाच्या प्रदेशातही सरासरी २० टक्क्यांच्या आसपास पडते. म्हणजे १७५ कोटी युनिट. तेवढीच वीज हवी तर साडेचार हजार मेगावॉटची पॅनेल लावावी लागतील. पवनचक्क्या यांच्या मधे येतात: जमिनीवर २५ ते ४५ टक्के, समुद्रात त्याहून बऱ्या.

म्हणून ‘आम्ही यंदा इतके गिगावॉट सौरऊर्जा उभारली’ अशी बातमी आली की आकड्याला आधी पाचानं भागा, मग टाळ्या वाजवा. भागूनही आकडा मोठाच राहतो, हे मात्र कबूल करायला हवं. जगाची सौर क्षमता २०२४ मध्ये २० लाख मेगावॉटच्या पुढे गेली. जगातल्या सगळ्या अणुभट्ट्यांची मिळून क्षमता चार लाख मेगावॉटच्या आसपास आहे आणि ती गेली कित्येक वर्षं जवळपास तिथेच घुटमळते आहे.

सौरऊर्जेला जमीन किती लागते? सगळी शेतं पॅनेलखाली जाणार का?

जमिनीवर उभारलेल्या प्रकल्पात एका मेगावॉटला दोन हेक्टर धरा. वरच्या हिशेबातल्या साडेचार हजार मेगावॉटला ९० चौरस किलोमीटर होतात. तेवढीच वीज देणाऱ्या अणुप्रकल्पाचं कुंपण तीन-चार चौरस किलोमीटरला वळसा घालून येतं.

आता हेच गणित साऱ्या जगासाठी करून पाहू. जग वर्षाला सुमारे ३० लाख कोटी युनिट वीज वापरतं. ती सगळीच्या सगळी पॅनेलमधून काढायची ठरवली तर साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन लागेल, म्हणजे जवळजवळ जर्मनीएवढी. पृथ्वीवरच्या एकूण जमिनीच्या पाव टक्क्याहूनही ती कमी भरते. तेव्हा ‘जगात जागाच नाही’ हे खोटं.

अडचण वेगळीच आहे. मोकळी जमीन एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. ऑस्ट्रेलियात चौरस किलोमीटरला तीन-चार माणसं राहतात, बांगलादेशात तेराशेच्या आसपास. वाळवंटातली वीज गर्दीच्या शहरापर्यंत आणायला हजार-दोन हजार किलोमीटरच्या उच्चदाब वाहिन्या टाकाव्या लागतात. त्या वाटेत प्रत्येकाचं शेत, जंगल आणि मतदारसंघ येतो. पॅनेल वर्षभरात उभी राहतात, वाहिनीला कधीकधी दशक लागतं. सौरऊर्जेचं खरं घोडं इथेच पेंड खातं, आणि यावर बोलायला फारसं कुणी उत्सुक नसतं.

दाटीच्या प्रदेशांत पळवाटा आहेत. छतं, धरणांच्या पाण्यावर तरंगती पॅनेल, कालव्यांवरचे मांडव, उंच खांबांवर पॅनेल लावून खाली सावलीत येणारी पिकं. पवनचक्कीच्या पायाला जमीन थोडीच लागते. दोन चक्क्यांच्या मधे नांगर फिरतो. या सगळ्यातून बरंच भागतं. एखाद्या औद्योगिक महानगराची पूर्ण भूक मात्र छतांवर भागत नाही.

मग दाट वस्तीच्या देशांना अणुभट्टीच सोयीची, नाही का?

जमीन कमी लागते हे खरं. पण अणुभट्टीला कुंपणाच्या आत जागा थोडी लागते आणि कुंपणाच्या बाहेर माणसं नको असतात. दाटीच्या जगातला हा पेच प्रकल्पाच्या माहितीपत्रकात सापडत नाही, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचं बेट आहे, लांबलचक आणि चिंचोळं. तिथे शोरहॅम इथे सुमारे ८०० मेगावॉटची अणुभट्टी बांधली गेली. काम चालू असतानाच १९७९ मध्ये अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड अणुप्रकल्पात अपघात झाला आणि अणुप्रकल्पाभोवतालच्या लोकांना बाहेर काढण्याचा आराखडा दाखवणं सक्तीचं झालं. १९८३ मध्ये सफोक काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, कागदपत्रं तपासून जाहीर केलं की असा आराखडा शक्यच नाही. जमिनीवरून सुटायचं तर सगळ्यांना एकाच दिशेला, तेही न्यूयॉर्क शहराच्या तोंडावर, आधीच तुंबलेल्या रस्त्यांवरून जावं लागणार होतं. अणुभट्टी पूर्ण झाली, तिच्या कमी ताकदीवरच्या चाचण्याही झाल्या, पण १९८९ मध्ये ती कायमची बंद करायचं ठरलं. व्यापारी तत्त्वावर एक युनिटही न विकता सुमारे ६ अब्ज डॉलर गेले. राज्यानं ती एका डॉलरला घेतली. बाकीचं ओझं वर्षानुवर्षं ग्राहकांच्या बिलातून फिटलं.

जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. जपानमध्ये तोकाई-२ या प्रकल्पाच्या ३० किलोमीटरच्या परिघात नऊ लाखांवर माणसं राहतात. मार्च २०२१ मध्ये मितो इथल्या जिल्हा न्यायालयानं तो सुरू करायला मनाई केली. भट्टी सदोष आहे असं कारण नव्हतं. एवढ्या लोकांना हलवण्याची तयारी पुरेशी नाही, असं होतं. पुढे १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोटो द्वीपकल्पात भूकंप झाला. रस्ते खचले, घरं कोसळली. ‘बाहेर पडा’ म्हणावं तर रस्ता नाही, ‘घरात थांबा’ म्हणावं तर घर नाही. जवळची शिका अणुभट्टी २०११ पासून बंदच होती म्हणून निभावलं. त्याच द्वीपकल्पाच्या टोकाला, सुझू इथे, एक अणुप्रकल्प होणार होता. स्थानिकांच्या विरोधानंतर २००३ मध्ये तो गुंडाळला गेला. भूकंपाचं केंद्र सुझूजवळच होतं.

त्यामुळे दाट वस्ती हा अणुऊर्जेच्या बाजूचा मुद्दा आहे तसाच तिच्या विरोधातलाही आहे. माझं मत विचाराल तर जागा निवडताना भट्टीच्या प्रकाराइतकाच विचार रस्त्यांचा, पुलांचा आणि इस्पितळांतल्या खाटांचा व्हायला हवा. बहुतेक ठिकाणी तो सगळ्यात शेवटी होतो.

अपघात झाला तर काय? चेर्नोबिल, फुकुशिमा विसरायचं का?

विसरू नये, पण दोन्हींना एकाच पोत्यात भरू नये.

चेर्नोबिलच्या (२६ एप्रिल १९८६) अणुभट्टीच्या रचनेतच दोष होता. पाण्याची वाफ झाली की अशा भट्टीत साखळी प्रक्रिया मंदावायला हवी. तिथे ती भडकायची. वर जाडजूड काँक्रीटचं सीलबंद कवच नव्हतं. स्फोटात आणि किरणोत्सर्गाच्या तीव्र आजारानं पहिल्या काही महिन्यांत ३० जण गेले. सर्वाधिक किरणोत्सर्ग झालेल्या लोकांत कर्करोगानं कालांतरानं ४,००० पर्यंत मृत्यू होऊ शकतील, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानं २००५ मध्ये दिला. त्याहून मोठे अंदाजही मांडले गेले आहेत.

फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या. पण बंद पडलेली भट्टीही कित्येक दिवस तापलेली असते आणि तिला पाणी फिरवत राहावं लागतं. चौदा-पंधरा मीटर उंचीची त्सुनामीची लाट आली, तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले, तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. दीड लाखांच्या आसपास माणसं हलवली. किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणून सरकारनं मान्य केलेला मृत्यू एक; घाईच्या स्थलांतरात, निवाऱ्यांत आणि नंतरच्या हालअपेष्टांत गेलेले दोन हजारांहून जास्त, त्यांत बहुतेक वृद्ध.

आता ओनागावाकडे या. हा अणुप्रकल्प भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षाही जवळ होता. तिथेही तेरा मीटरची लाट आली. पण तो समुद्रसपाटीपासून १४.८ मीटर उंचीवर बांधलेला होता, कारण यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्यानं, जुन्या लाटांचा इतिहास पुढे ठेवून, खर्च वाढला तरी उंचावरच बांधायचा हट्ट धरला होता. ते १९८६ मध्येच वारले होते. भूकंपात किनारा मीटरभर खचला, बाहेरून वीज आणणाऱ्या पाच वाहिन्यांपैकी एकच उरली, तरी भट्ट्या सुरक्षित थंड झाल्या. गावातली घरं वाहून गेलेल्या तीनशेहून अधिक लोकांनी प्रकल्पाच्याच व्यायामशाळेत आसरा घेतला. एकच देश, एकच भूकंप, जवळजवळ तेवढीच लाट. फरक पडला तो जोत्याच्या उंचीचा आणि ती ठरवणाऱ्या माणसाचा.

तयार झालेल्या विजेमागे मृत्यू मोजले, हे सगळे अपघात धरून, तर अणुऊर्जा, पवन आणि सौर तिघंही तळाला जवळजवळ एका ओळीत येतात आणि कोळसा त्यांच्या शेकडो पट वर. नवीकरणीय ऊर्जेतला सर्वांत भीषण अपघात धरणाचा आहे: ऑगस्ट १९७५ मध्ये चीनमधलं बानचियाओ धरण फुटलं, त्यातल्या मृतांचे अंदाज २६ हजारांपासून दीड लाखाच्याही वर जातात. त्या धरणाचं नाव किती जणांनी ऐकलंय?

नीट चालणाऱ्या अणुप्रकल्पाशेजारी राहिलं तर किरणोत्सर्ग होतो का?

नगण्य. माती, खडक, हवा आणि अवकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्सर्गाचं माप) मिळतोच. चालू प्रकल्पामुळे शेजाऱ्यांच्या वाट्याला येणारी भर त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते.

आणि अणुकचरा? तो तर लाखो वर्षं राहतो.

राहतो. पण तो थोडा असतो आणि कुठे आहे ते माहीत असतं. कोळशाची राख आणि धूर यांच्याबद्दल असं म्हणता येत नाही.

इंधनाची एक गोळी सेंटीमीटरभर उंचीची असते, आणि तिच्यातून सुमारे एक टन कोळशाएवढी ऊर्जा मिळते. १,००० मेगावॉटच्या भट्टीतून वर्षाला वीस-पंचवीस टन वापरलेलं इंधन निघतं. ते काही वर्षं खोल पाण्याच्या टाकीत निववतात, मग पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत उभं करून ठेवतात. त्यातल्या सिझियम-१३७ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ, ३० वर्षांचं आहे, प्लुटोनियम-२३९ चं २४ हजार. पहिली काही शतकं कडक राखण हवी, पुढे प्रश्न फक्त ते पाण्यात आणि अन्नात न जाण्याचा उरतो.

फिनलंडनं ओल्किलुओटो इथे सुमारे ४३० मीटर खोल, जवळजवळ दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात हा कचरा पुरायला ओन्कालो नावाची बोगद्यांची जागा खोदली आहे. तांब्याची डबी, तिच्याभोवती पाणी शोषून फुगणारी बेंटोनाइट माती, मग खडक. अमेरिकेनं १९८७ मध्ये नेवाडातला युक्का पर्वत निवडला आणि आजतागायत तिथे एक पिंपही गेलेलं नाही. फिनलंडनं गावाला नकाराधिकार दिला होता, अमेरिकेनं राज्याच्या डोक्यावर निर्णय लादला. कचऱ्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे तो अभियांत्रिकीत. राजकारणात तो बहुतेक देशांनी पुढच्या पिढीकडे सरकवला आहे, आणि ही टीका अणुऊर्जावाल्यांनी निमूट ऐकून घ्यायला हवी.

सौरवाल्यांचाही कचरा आहेच. २०५० पर्यंत ७.८ कोटी टनांपर्यंत निकामी पॅनेल साचतील, असा आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेचा २०१६ मधला अंदाज होता. त्यात बहुतांश काच आणि ॲल्युमिनियम, म्हणजे पुन्हा वापरता येण्यासारखं. फक्त ते गोळा करायची जबाबदारी विकणाऱ्यावर आधीच टाकायला हवी.

रात्री आणि पावसाळ्यात काय करायचं? बॅटऱ्या पुरतील?

रात्रीपुरत्या पुरतील, ऋतूपुरत्या नाही.

लिथियम बॅटऱ्यांच्या किमती २०१० नंतर नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरल्या. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ मध्ये काही संध्याकाळी थोडा वेळ बॅटऱ्या हा ग्रिडचा सर्वांत मोठा स्रोत ठरल्या. दहा वर्षांपूर्वी हे कुणी म्हटलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण या बॅटऱ्या साधारण चार तास पुरणाऱ्या असतात: दुपारचं ऊन संध्याकाळच्या दिव्यांना. उंचावरच्या तलावात पाणी चढवून हवं तेव्हा खाली सोडायचं हे पंप्ड स्टोरेज जास्त तास देतं. चीनमधलं फेंगनिंग ३,६०० मेगावॉटचं आहे. त्यालाही डोंगर आणि पाणी लागतं.

उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात कधीकधी आठवडाभर आभाळ भरलेलं आणि वारा पडलेला असतो. तेवढी वीज साठवून ठेवणं आज परवडत नाही. डेन्मार्क निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यातून काढतो, पण त्याच्या मागे नॉर्वेची धरणं आणि स्वीडन, जर्मनीशी जोडलेल्या तारा उभ्या आहेत. असे शेजारी सगळ्यांच्या नशिबी नसतात. जिथे ते नाहीत तिथे शेवटच्या दहा-वीस टक्के विजेसाठी धरण, अणुभट्टी किंवा वायू यांपैकी कुणाला तरी हाताशी ठेवावंच लागतं. पहिले साठ-सत्तर टक्के स्वस्त असतात, शेवटचे महाग.

म्हणजे अणुभट्टीच भरवशाची?

बरीचशी. पण फ्रान्सचं २०२२ साल बघा. तिथली दोन तृतीयांशांच्या आसपास वीज अणुभट्ट्यांतून येते. त्या वर्षी काही भट्ट्यांच्या नळ्यांत गंजामुळे तडे सापडले, तसल्याच रचनेच्या इतरही तपासणीसाठी थांबवाव्या लागल्या. उन्हाळ्यात नद्या तापल्यानं काहींची ताकद उतरवावी लागली. अणुवीज तीस वर्षांत नव्हती इतकी घटली, ऐन युक्रेन युद्धाच्या आणि वायूटंचाईच्या वर्षात. एकाच साच्यातल्या भट्ट्या बांधल्या की स्वस्त पडतात, आणि साच्यात खोट निघाली की सगळ्या एकदम आजारी पडतात.

अणुभट्ट्या इतक्या महाग आणि उशिरा का होतात?

कारण खर्च जवळजवळ सगळा आधीच करावा लागतो. इंधन स्वस्त असतं. महाग पडतं ते काँक्रीट, पोलाद, कुशल हात आणि कर्जावरचं व्याज. एक वर्षाचा उशीर म्हणजे वर्षभराचं व्याज, आणि वीज शून्य.

फ्रान्सच्या फ्लामांव्हिल-३ चं काम २००७ मध्ये सुरू झालं आणि भट्टी डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडली गेली. ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या वर गेला. अमेरिकेतल्या व्होगल प्रकल्पाच्या दोन नव्या भट्ट्यांनी ३० अब्ज डॉलर ओलांडले. त्याच फ्रान्सनं १९७३ च्या तेलसंकटानंतर वीसएक वर्षांत पन्नासहून अधिक भट्ट्या उभ्या केल्या होत्या! तंत्र विसरलं नव्हतं. विसरली होती सवय: वेल्डर निवृत्त झाले, पुरवठादार दुसऱ्या धंद्याला लागले, आणि मधल्या काळात एकुलती एक भट्टी, तीही नव्या नकाशाची, बांधायला घेतली. उलट संयुक्त अरब अमिरातीत बराका इथे दक्षिण कोरियाच्या कंपनीनं सरावातल्या एकाच नकाशाच्या चार भट्ट्या (५,६०० मेगावॉट) २०१२ मध्ये सुरू करून २०२४ पर्यंत चालत्या केल्या. त्या देशाची पाव वीज आता तिथून येते.

म्हणून वर म्हटलं: एकच बांधायची असेल तर बांधू नका.

छोट्या मॉड्युलर अणुभट्ट्यांनी हा प्रश्न सुटेल?

कल्पना आकर्षक आहे. कारखान्यात बनवायच्या, जागेवर आणून बसवायच्या, आणि आकार लहान म्हणून भोवतालचा धोक्याचा परीघही लहान. दाटीच्या प्रदेशांना हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. प्रत्यक्षात रशियाची तरंगती अकादमिक लोमोनोसोव २०२० पासून आणि चीनची गॅसनं थंड होणारी एचटीआर-पीएम डिसेंबर २०२३ पासून व्यापारी तत्त्वावर चालू आहे. अमेरिकेत न्यूस्केल कंपनीचा पहिला प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. दर चढत गेला आणि पुरेसे ग्राहक मिळेनात. शंभर बनल्या तर स्वस्त होतील, पण पहिल्या दहा महाग असताना घेणार कोण, हा अडसर आहे.

पाणी कुणाला जास्त लागतं?

अणुभट्टीला. निर्माण झालेल्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाचीच वीज होते, बाकीची कुठेतरी सोडावी लागते. शीतकरण मनोऱ्यांतून युनिटमागे दोन-अडीच लिटर पाणी वाफ होऊन जातं. समुद्रकाठी अडचण नाही, आटणाऱ्या नदीकाठी मोठीच. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातला पालो व्हेर्डे प्रकल्प यावर एक तोड दाखवतो: शहरांचं सांडपाणी शुद्ध करून त्यावर तीन मोठ्या भट्ट्या थंड केल्या जातात. गर्दीच्या शहरांकडे दुसरं काही नसलं तरी सांडपाण्याला तोटा नसतो.

युरेनियम संपलं तर? आणि थोरियमचं काय?

नजीकच्या काळात संपत नाही. पुरवठा मोजक्या हातांत आहे, ही खरी चिंता: जगातलं ४० टक्क्यांच्या आसपास युरेनियम एकट्या कझाकस्तानातून निघतं. पण सौर पॅनेलच्या साखळीत प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे, तेव्हा परावलंबन दोन्हीकडे आहे. पॅनेल एकदा आलं की पंचवीस वर्षं चालतं, आणि अणुइंधनाचाही दोन-चार वर्षांचा साठा एका गोदामात मावतो. कोळशाचा तसा मावत नाही. थोरियम (अणुइंधन होऊ शकणारा दुसरा धातू) विपुल आहे, पण ते स्वतः पेट घेत नाही. आधी भट्टीत ठेवून त्याचं युरेनियम-२३३ करावं लागतं, आणि ती वाट लांबची आहे.

युद्धात अणुप्रकल्पावर हल्ला झाला तर? आणि अणुबॉम्बचं?

युक्रेनमधला झापोरिझ्झिया हा युरोपातला सर्वांत मोठा अणुप्रकल्प मार्च २०२२ पासून रशियन सैन्याच्या ताब्यात आहे. सहाही भट्ट्या बंद आहेत, तरी बाहेरची वीज वारंवार तुटून डिझेलवर दिवस काढावे लागले. जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटलं आणि थंड करायच्या पाण्याचा मोठा स्रोत गेला. विखुरलेल्या पॅनेलवर असा एकगठ्ठा घाला घालता येत नाही. सौरऊर्जेच्या बाजूचा हा मोठा मुद्दा आहे, आणि तो खर्चाच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

बॉम्बसाठी युरेनियम ९० टक्क्यांच्या आसपास समृद्ध करावं लागतं (म्हणजे त्यातला सहज फुटणारा युरेनियम-२३५ चा अंश तेवढा वाढवावा लागतो), विजेसाठी ३ ते ५ टक्के पुरतं. पण समृद्ध करणारी यंत्रं तीच. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आणि कॅमेरे लागतात.

जर्मनीनं सगळ्या अणुभट्ट्या बंद केल्या, ते चुकलं का?

माझ्या मते क्रम चुकला. १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन बंद झाल्या तेव्हा तिथले कोळशाचे प्रकल्प चालूच होते. कोळसा आधी, अणू नंतर असं केलं असतं तर तेवढाच धूर वाचला असता. कॅलिफोर्नियानं उलट केलं: डायब्लो कॅन्यन हा अणुप्रकल्प २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं, २०२२ मध्ये कायदा करून मुदत २०३० पर्यंत वाढवली, आणि बॅटऱ्या-पॅनेलचा धडाकाही चालू ठेवला. तसं पाहिलं तर ऑस्ट्रियाची तऱ्हा सगळ्यांत न्यारी. त्स्वेंटेनडोर्फची भट्टी पूर्ण बांधून १९७८ मध्ये जनमत घेतलं, निसटत्या बहुमतानं नकार आला, भट्टी कधीच पेटली नाही. आज त्या आवारात सौर पॅनेल आहेत.

फ्यूजन (हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणं) आलं की दोन्हींची गरज संपेल ना?

आलं की बोलू. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत लेझरच्या २.०५ मेगाज्यूलमागे ३.१५ मेगाज्यूल मिळाले, पण ते लेझर चालवायला त्याच्या कितीतरी पट वीज खर्ची पडली होती.

आमच्या भागात प्रकल्प येतोय. जनसुनावणीत काय विचारू?

अणुप्रकल्प असेल तर: ३० किलोमीटरच्या आत किती माणसं, कोणते रस्ते, पूर आल्यावर त्यांतले किती चालू राहतात? गेल्या पन्नास वर्षांतल्या सर्वांत कोरड्या वर्षी नदीत पाणी किती होतं? आयुष्य संपल्यावर भट्टी मोडायचा पैसा आजपासून बाजूला पडतोय का, आणि कुणाच्या खात्यात? वापरलेलं इंधन जागेवर किती वर्षं राहणार?

सौर किंवा पवन असेल तर: जमीन कुणाची, विकत की भाड्यानं, भाडं दरवर्षी किती वाढणार? आतापर्यंत तिथे गुरं कुणाची चरत होती? पंचवीस वर्षांनी पॅनेल, पाती आणि पायाचं काँक्रीट कोण उचलणार, आणि कंपनी तोवर विकली गेली तर? वाहिनी तयार आहे की नुसती मंजूर आहे? रात्रीच्या विजेची सोय याच प्रकल्पात धरली आहे की दुसऱ्या कुणाच्या माथी?

उत्तर लेखी मागा, आणि तोंडी मिळालंच तर सभा उठण्याआधी ते इतिवृत्तात उतरलं का, ते वाचून घ्या.